आधी सभा, मग दूध

पुस्तकात असते तशी सभा मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. पुस्तकातल्या सभेत अध्यक्ष वेळेवर येतात, चिटणीस सूचना वाचून दाखवतो, सभासद एकेक करून उठतात, बोलतात, आणि कुणी कुणाला 'बस खाली' म्हणत नाही. असली ही सोवळ्यातली सभा मी वर्धेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवली. विषयाचं नाव चिटणिसाची कार्यपद्धती. कॉमर्सची पोरं त्याला 'सेक्रेटरिअल प्रॅक्टिस'वरून नुसतं 'एस. पी.' म्हणायची आणि मार्क देणारा विषय म्हणून खूश असायची.

"गणसंख्या म्हणजे काय?" मी विचारायचे. लगेच अख्खा वर्ग आरतीच्या चालीवर सुरू व्हायचा, "सभेचे कामकाज कायदेशीररीत्या चालवण्यासाठी आवश्यक असलेली सभासदांची किमान उपस्थिती म्हणजे गणसंख्या!" मला फळ्यावर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. एकदा मी चिडून विचारलं, "बरं, उद्या तुमच्या गावात सभा भरली आणि माणसंच कमी आली, तर काय होईल?" शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे पुस्तकात नाई."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. पुढच्या वर्षापासून मी ठरवून टाकलं की सभांचा धडा उघडण्याआधी पोरांनी खरीखुरी सभा पाहून यायची. कापड दुकानदारांची असो, पतसंस्थेची असो, शाळेच्या पालकांची असो. मागच्या रांगेत बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि डोळे उघडे. कोण कुठं बसलं, कोण आधी बोललं, कुणाला बोलू दिलं नाही, हे पाहायचं. मग माझ्याकडे यायचं. मग मी शिकवणार.

आमचे प्राचार्य भला माणूस, पण भित्रा. "मॅडम, सिलॅबस पुरा होईल ना?" एवढंच त्यांना ठाऊक. मी म्हटलं, "सर, सिलॅबस तर दरवर्षीच पुरा होतो. कळत काही नाही, एवढंच." त्यांनी कपाळाला हात लावला आणि होकार दिला. माझ्या तोंडी लागण्यापेक्षा होकार देणं स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच सोपं वाटायचं.

पोरं जाऊन आली की काय काय प्रश्न आणायची! एका पोरानं विचारलं, "मॅडम, ठरावाले अनुमोदन देणारा म्हणून ज्याचं नाव वाचलं, तो माणूस सभेले आलाच नवता. मंग त्यानं अनुमोदन कसं देल्लं?" दुसरी म्हणाली, "मॅडम, सगळे चिवडा येईस्तोवर बसले अन् चिवडा आल्यावर मंजूर म्हणाले." मी हसले, पण मनात म्हटलं, आता खरं शिकवता येईल. घोकणाऱ्या डोक्यातून असले प्रश्न निघत नाहीत.

ऐंशी साल उलटून गेल्यावरची गोष्ट. बारावीच्या वर्गात हिंगणीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली मुलगी होती. सकाळच्या एस.टी.नं यायची, दुपारच्या एस.टी.नं जायची. बोलायची कमी, पण तिनं पाहिलेली गोष्ट कधी चुकायची नाही. एक दिवस तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, या वर्षी आमच्या गावची सभा पाहाले या ना. दूध सोसायटीची. वार्षिक."

"येऊ की. पण तुझा चेहरा असा का उतरलाय?"

मग तिनं सांगितलं. तिचे वडील आदल्या वर्षी गेले. घरात आई, ती आणि दोन म्हशी. सोसायटीत दूध घालायचं तर नाव सभासदाचं लागतं, आणि नाव होतं वडिलांचं. आईनं अर्ज दिला की आता माझं नाव लावा. तिकडे तिच्या काकानंही अर्ज दिला, की घरातला पुरुष माणूस मी आहे, नाव माझं लावा. सोसायटीच्या अध्यक्षानं, ज्याला गावात सगळे चेअरमन म्हणत, सांगितलं, "आपण वार्षिक सभेत ठरवू." हा चेअरमन काकाच्या रोजच्या बैठकीतला.

"काकाचं नाव लागलं तर म्हशी त्याच्या गोठ्यात जाईन, मॅडम," ती म्हणाली. "मंग आईले त्याच्या हाताखाली राहा लागते. अन् काका म्हणते, पोरगी शिकून कोणती कलेक्टर होणार हाय. त्यानं माह्यासाठी पोरगाही पाहून ठेवला. आईचं नाव लागलं तर मी शिकतो. नाई लागलं तर माहं कॉलेज बंद."

हे सगळं तिनं एस.टी.ची वेळ सांगावी इतक्या सरळ आवाजात सांगितलं. सतरा-अठरा वर्षांची पोर, आणि तिचं शिक्षण एका दूध सोसायटीच्या विषयपत्रिकेवर टांगलेलं! मी म्हटलं, "आम्ही सगळे येतो."

सभा शाळेच्या एका खोलीत होती, वेळ दुपारची चारची. आम्ही एस.टी.नं जाऊन पोचलो. पोरं मागं भिंतीशी ओळीनं बसली. मुलीची आई दाराजवळ बसली होती, डोक्यावर पदर, पाठ ताठ. तिच्या शेजारी तिची शेजारीण. ही स्वतः सोसायटीची सभासद होती आणि तिचा आवाज असा की हळू बोलली तरी बाहेरच्या बैलानं मान वळवावी. गल्लीतल्या आणखी काही सभासद बाया आल्या होत्या, दोन-चार म्हातारे पुरुष आले होते. सगळे या आईसाठीच आले होते, हे न सांगता कळत होतं. आमच्या त्या भागात म्हशीचं सगळं बायाच करत. चारापाणी त्यांनी करायचं, शेण त्यांनी काढायचं, दूध त्यांनी काढायचं, केंद्रावर नेऊन घालायचं त्यांनीच. सोसायटीत नाव मात्र बहुतेक घरांत नवऱ्याचं. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते काही उगीच नाही.

चेअरमन आला, गळ्यात मफलर, हातात घड्याळ. खुर्चीत बसला, घड्याळाकडे पाहिलं, सचिवाला म्हणाला, "मोज." सचिवानं डोकी मोजली आणि मान हलवली. चेअरमन उठून म्हणाला, "गणसंख्या पुरी नाई. सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासानं याच ठिकाणी भरन." हा नियमच आहे. माणसं कमी असली तर सभा अर्धा तास थांबवायची, आणि नंतर भरलेल्या सभेला गणसंख्येची अट नाही. मी स्वतः हे शिकवते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी पोरांना डोळ्यांनी खूण केली, बघा, पुस्तकातलं खरं होतंय.

अर्धा तास जाऊ लागला तशा बाया चुळबुळायला लागल्या. बाहेर ढोरं चरून परत यायला लागली होती, गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. दूध काढायची वेळ झाली. म्हैस काही सभेसाठी थांबत नाही, आणि केंद्रावर दुधाची गाडी वेळेवर येऊन वेळेवर जाते. एक उठली, दुसरी उठली. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "जातो वो माय. काय करू, वासरू हंबरून राह्यलं." म्हातारेही त्यांच्या मागं गेले. शेजारीण तेवढी शेवटपर्यंत बसली, पण तिची सून धापा टाकत बोलवायला आली तेव्हा तिलाही उठावं लागलं. आई मात्र जागची हलली नाही. तिच्या म्हशींकडे मुलगी पळाली.

आणि मग, बाया गेल्यावर, समोरच्या पानठेल्यावरून पुरुषांचा घोळका रमतगमत आत आला. सगळे सभासद! इतका वेळ तिथंच उभे होते, पान चघळत. काका त्यांच्यात सगळ्यात पुढं. आत येऊन ऐसपैस बसले आणि सभा सुरू झाली.

काय सांगू, मंजूर, मंजूर, मंजूर! सचिवाचं वाक्य संपायच्या आधी मंजूर. शेवटी सभासदत्वाचा विषय आला. चेअरमन म्हणाला, "मयत सभासदाच्या जागी त्याच्या भावाचं नाव घ्यावं, असं मले वाटते. मंजूर?" आई उठून उभी राहिली.

"मले बोलायचं हाय जी."

"बाई, तू सभासद आहे का?"

"नाई जी. त्याच्यासाठीच तर..."

"मंग तुले सभेत बोलता येत नाई. सभासद असती तर बोलली असती. बस खाली."

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. तिला सभासद करायचं की नाही, हाच विषय, आणि ती सभासद नाही म्हणून त्या विषयावर तिनं बोलायचं नाही! म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वरून नियमाची टोपी. मी उठलेच. "साहेब, निदान तिचं ऐकून तरी घ्या," म्हटलं. चेअरमन इतका गोड हसला की मला ते हसू अजून आठवतं. "मॅडम, तुम्ही आमच्या पाहुण्या. चहा आला, घ्या." आणि लगेच सचिवाला, "लिव. सर्वानुमते मंजूर."

त्याच्यावर कडी म्हणजे शेवटी 'आयत्या वेळचे विषय' निघाले, तेव्हा एकानं उठून चेअरमनच्याच अभिनंदनाचा ठराव मांडला. टाळ्या वाजल्या. आई खाली मान घालून बसली होती. मला त्या टाळ्या वाजवणाऱ्या एकेकाच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. हे लिहिताना आजही वाटते.

चहा मी घेतला नाही. पोरांनीही घेतला नाही, मी काही न सांगता.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती मुलगी नव्हती. मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि म्हटलं, "हं, सांगा. काय पाहिलंत?" माझा आवाज चढलेला होता. पोरं आधी घाबरली, मग एकेक बोलायला लागली. एक म्हणाला, "मॅडम, सचिव मोजून राह्यले होते तवा ते सगळे लोक पानठेल्यावरच होते. मी खिडकीतून पाहिले. चेअरमननं त्यायच्याकडे पाहून हातानं थांबा केलं." एक मुलगी म्हणाली, "तो सारखा घड्याळ पाहत होता. मले वाटलं, त्याले उशीर होते. त्याले तर उशीर पाहिजेच होता!" तिसरा म्हणाला, "मॅडम, ती आज आली नाई ना, तीच काल सांगत होती, आधी ही सभा सकाळी होत होती म्हणे. याच वर्षी चारची ठेवली."

बस्स. तुकडा तुकडा जुळला. यांनी मुद्दाम दूध काढायच्या तोंडावर सभा ठेवली. मुद्दाम आपली माणसं बाहेर ठेवून गणसंख्या कमी पाडली. अर्धा तास गेला की बायांना उठून जावंच लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि अर्ध्या तासानंतर कुणी गणसंख्या विचारणार नाही. एकही नियम मोडला नाही, आणि एका पोरीचं शिक्षण मोडलं. ज्या नियमाची व्याख्या माझी पोरं आरतीसारखी म्हणायची, त्याचाच हा उपयोग! इतकी वर्षं मी गणसंख्येचे फायदे शिकवले. फायदा कुणाचा, ते पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

मी त्याच दुपारी सहकार खात्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाबूनं माझं सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "मॅडम, सभा तर नियमाप्रमाणेच झाली. तहकुबीची तरतूद आहे." मी म्हटलं, "तरतूद चोरांसाठी आहे का?" तो म्हणाला, "तसं लिहिलेलं नाही." मी इतकी ओरडले की बाजूच्या टेबलावरचे लोक उठून बघायला लागले. मग मात्र तो हळूच म्हणाला, "पुरेशा सभासदांनी सह्या करून मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते, मॅडम. पण एक ध्यानात ठेवा. मागणी करून बोलवलेल्या सभेला माणसं कमी पडली तर ती तहकूब होत नाही. सरळ रद्दच होते."

म्हणजे पुन्हा तोच पानठेला. चेअरमनची माणसं नुसती बाहेर उभी राहिली तरी खेळ खलास.

तरी आम्ही मागणी लिहिली, की काकाचं नाव काढून आईचं नाव लावावं. वर्गातच लिहिली, तोच माझा धडा. एकही शब्द मी सांगितला नाही, पोरांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी फक्त वारंवार बजावत होते की विषय नीट आणि पुरता लिहा, कारण विशेष सभेत सूचनेतल्या विषयाशिवाय दुसरा कोणताही विषय घेता येत नाही. हे वाक्य त्यांना इतकं पाठ झालं की मी तोंड उघडलं की तेच पूर्ण करायचे. सह्या गोळा करायचं काम गावात बायांनी केलं. काही स्वतः सभासद होत्या, त्यांनी अंगठे दिले. बाकीच्यांनी नवऱ्यांच्या सह्या मिळवल्या. कशा मिळवल्या, ते मी विचारलं नाही.

मधल्या काळात चेअरमनची तक्रार कॉलेजात आली. प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही पोरांना घेऊन गावात राजकारण करता, असं वरून आलंय."

"वरून म्हणजे कुठून, सर? आभाळातून?"

"तसं नाही हो... पण शिकवण्यापुरतं शिकवावं."

"शिकवण्यापुरतंच शिकवतेय. विषय सभा आहे. सभा अशाच असतात, त्याला मी काय करू?" आणि मी निघून आले. जिना उतरताना नोकरीची काळजी वाटलीच, खोटं कशाला सांगू. घरी दोघांच्या पगारावर संसार होता. पण त्या आईची खाली घातलेली मान डोळ्यांसमोरून जात नव्हती.

मुलगी अजून कॉलेजला येत नव्हती. म्हशी काकाच्या गोठ्यात गेल्या होत्या आणि पोराकडची माणसं बघायला येऊन गेली होती.

विशेष सभाही चेअरमननं चारलाच ठेवली. आम्ही पुन्हा गेलो. खोलीत आई, शेजारीण, मागणीवर सह्या करणारे मोजके लोक. सचिवानं मोजलं. कमी. चेअरमन खुर्चीत आरामात रेलला. पानठेल्यावर तीच सगळी मंडळी उभी, हसत. मी आतल्या आत धुमसत होते. थोडा वेळ थांबून सभा रद्द म्हणायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं.

तेवढ्यात गल्लीतून बाया यायला लागल्या. एकामागून एक, डोक्यावर, काखेत दुधाच्या कॅना. त्या दिवशी त्यांनी दूध लवकर काढून घेतलं होतं. पण केंद्रावर कुणी गेली नाही. शाळेच्या आवारातल्या लिंबाखाली कॅना ठेवल्या आणि बाजूला बसून राहिल्या. पानठेल्यावरच्यांच्या बायकाही होत्या त्यांच्यात. केंद्रावर दुधाची गाडी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला.

पानठेल्यावरून एक जण धावत आला. आपल्या बायकोला म्हणाला, "अवो, गाडी आली ना! दूध घाल ना जाऊन!"

ती म्हणाली, "घालतो ना. तुमी आधी आत जाऊन बसा."

"मले काय काम हाय आत?"

"तुमी सभासद आहा ना? मंग बसा. आधी सभा, मंग दूध."

हे असं प्रत्येकीचं. कुणी चिडला, कुणी शिव्या दिल्या, एकानं कॅन उचलायला हात घातला तर तीन बाया उठून उभ्या राहिल्या. गाडीचा भोंगा सुरूच. गाडी रिकामी गेली तर वर चेअरमनलाच जाब द्यावा लागणार, आणि घराघरात दूध नासणार ते वेगळंच. चेअरमन दारात आला, बायांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि आपल्याच माणसांवर खेकसला, "अरे काऊन उभे राह्यले बह्याडासारखे? या ना आत!"

माझी पोरं भिंतीला टेकून बसली होती. त्यांना हसू दाबणं कठीण जात होतं. मला हसू येत नव्हतं. एवढ्याशा हक्कासाठी बायांनी दूध अडवून बसायचं, ही काय हसायची गोष्ट आहे?

गणसंख्या भरली. विषय निघाला. आई उठायला लागली तसं चेअरमन म्हणाला, "तू नाई. तू अजून सभासद नाई." ती बसली. बसली, आणि शेजारणीच्या कानाला लागली. शेजारीण उठली आणि तिच्या त्या आवाजात म्हणाली, "नवरा बिमार होता दोन वर्सं, तवा म्हशी कोणं सांभाळल्या?" पुन्हा खाली वाकली, पुन्हा उठली. "दीर तवा एक दिवस तरी गोठ्यात आला का? त्याले इचारा, कोणती म्हैस कोणत्या बाजूनं दोहू देते!"

चेअरमन म्हणाला, "बाई, तिचं नको बोलू. तू तुहं बोल."

"मी माहंच बोलून राह्यली. माह्या तोंडातून निघते म्हंजे माहंच."

बाहेर लिंबाखाली बाया हसल्या, खिडक्यांशी येऊन उभ्या राहिल्या. काका खाली बघत होता. चेअरमननं हात वर करायला सांगितले. जे पानठेल्यावरून आले होते, ते आधी चेअरमनकडे बघत होते, मग खिडकीकडे. खिडकीत ज्याची त्याची बायको उभी होती. एक हात वर गेला, मग दुसरा. काकाच्या बाजूनं शेवटी चेअरमनची दोन-तीन माणसं तेवढी उरली. सचिवानं पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "बाईचं नाव मंजूर."

चेअरमन घाईनं उठला. "झालं. सभा संपली. जा, दूध घाला."

"थांबा जी," आई म्हणाली. आता ती उभी होती. "आता मी सभासद झाली का?"

सचिव म्हणाला, "हाव."

"मंग आता मले बोलता येते का?"

चेअरमननं सुस्कारा सोडला. "बोल बाई, काय ते लवकर बोल."

तिनं पदर सारखा केला. मुलगी खिडकीबाहेर बायांच्या गर्दीत उभी होती, तिच्याकडे आईनं एकदा पाहिलं. मग म्हणाली, "माही पोरगी उद्यापासून कॉलेजात जाईन. तिचं लगन कवा करायचं ते मी ठरवीन. तिच्या काकानं तिच्यासाठी कोणाच्या दारात जाऊ नये, अन् या गावातल्या कोणं त्याच्या संग जाऊ नये. हे लिवून घ्या."

सचिवानं पेन उचललं तसा चेअरमननं त्याचा हात धरला. "अवो बाई, हे घरातलं झालं! हे इषयपत्रिकेत कुठं हाय?"

"मंग आयत्या येळचा इषय घ्या," ती म्हणाली. "मागच्या सभेत तुमच्या अभिनंदनाचा घेतला ना?"

चेअरमन वळला आणि त्यानं थेट माझ्याकडे पाहिलं. या सभेत पहिल्यांदाच. "मॅडम, तुमी तर हेच शिकवता ना कॉलेजात? तुमीच सांगा आता. विशेष सभेत आयत्या येळचा इषय चालते का?"

चालत नाही. साफ चालत नाही. महिनाभर मी तेच बजावत होते, आणि भिंतीशी बसलेल्या माझ्या सगळ्या वर्गाला ते झोपेतही सांगता आलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. एकाही पोरानं तोंड उघडलं नाही.

"चालतं," मी म्हणाले. "लिहून घ्या."